सेंट लुईसचे १९०४ चे जागतिक प्रदर्शन आणि त्याची कागदपत्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९०४ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या कागदपत्रांविषयी अभ्यासक, संग्राहक, इतिहासाचे विद्यार्थी आणि त्या शहराच्या परिसरात राहणारे मराठी वाचक आम्हाला सातत्याने प्रश्न पाठवतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे प्रदर्शन नेमके कशासाठी भरले होते आणि किती काळ चालले?

अमेरिकेने १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियाना हा मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरना विकत घेतला. त्या व्यवहाराच्या शताब्दीनिमित्त हे प्रदर्शन भरवण्यात आले, म्हणून त्याचे अधिकृत नाव ‘लुइझियाना पर्चेस एक्स्पोझिशन’ असे होते. खर्चासाठी जमवलेली रक्कमही मुद्दाम तेवढीच ठेवण्यात आली : ५० लाख डॉलर केंद्र सरकारकडून, ५० लाख शहराच्या कर्जरोख्यांतून आणि ५० लाख लोकांच्या वर्गणीतून. सेंट लुईसमधील फॉरेस्ट पार्क या उद्यानाचा पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेला वॉशिंग्टन विद्यापीठाचा नवा परिसर मिळून बाराशे एकरांहून अधिक जागेवर ते पसरले होते. ३० एप्रिल १९०४ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसमधून तारयंत्राची कळ दाबून त्याचे उद्घाटन केले आणि १ डिसेंबर १९०४ रोजी ते संपले. माजी महापौर आणि मिसूरीचे माजी गव्हर्नर डेव्हिड फ्रान्सिस हे प्रदर्शन कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांचे नाव जवळजवळ प्रत्येक अधिकृत कागदावर आढळते.

२. ‘प्रदर्शनाची कागदपत्रे’ म्हणताना त्यात काय काय मोडते?

कागद कोणी आणि कोणासाठी तयार केला, यावरून त्याचे थर पाडणे सर्वांत सोयीचे आहे. पहिला थर प्रदर्शन कंपनीच्या अंतर्गत दप्तराचा : पत्रव्यवहार, करारनामे, समित्यांची इतिवृत्ते, हिशेबाच्या वह्या. दुसरा थर कंपनीने लोकांसाठी छापलेल्या साहित्याचा : विभागवार कॅटलॉग, मार्गदर्शिका, नकाशे, रोजचे छापील कार्यक्रम आणि ‘वर्ल्ड्स फेअर बुलेटिन’ हे मासिक. तिसरा थर सरकारी अहवालांचा. त्यात अमेरिकी आयोगाचा १९०६ चा अंतिम अहवाल येतो आणि जर्मनी, ब्रिटन, जपान अशा देशांनी आपापल्या दालनांसाठी काढलेली पुस्तकेही येतात. चौथा थर फुटकळ छपाईचा : तिकिटे, छायाचित्र चिकटवलेले पास, पोस्टकार्डे, उपाहारगृहांची दरपत्रके, कारखानदारांची माहितीपत्रके. पाचवा आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित थर खासगी लेखनाचा आहे. प्रदर्शन पाहून घरी परतलेल्या माणसांच्या रोजनिश्या आणि पत्रे त्यात येतात. कोणत्या फाटकातून आत गेलो, काय खाल्ले, कशावर किती सेंट खर्च झाले, कशाचा कंटाळा आला, हे अधिकृत पुस्तके सांगत नाहीत. या रोजनिश्या सांगतात.

छायाचित्रे आणि चलच्चित्रे हाही मोठा साठा आहे. छायाचित्रांविषयी प्रश्न ११ पाहावा. चलच्चित्रांपैकी पिट्सबर्ग परिसरातील वेस्टिंगहाउस या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यांत १९०४ च्या वसंत ऋतूत बिली बिट्झर या कॅमेरामननी टिपलेल्या लहान फिती विशेष महत्त्वाच्या आहेत. प्रदर्शनात कंपनीच्या प्रेक्षागृहात दाखवण्यासाठी त्या तयार झाल्या होत्या. त्यांपैकी २१ फिती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेल्या आहेत आणि त्या ऑनलाइन पाहता येतात.

३. घरबसल्या अभ्यास सुरू करायचा असेल तर आधी काय वाचावे?

आधी नकाशा पाहावा, मग मार्गदर्शिका आणि त्यानंतरच मोठे इतिहासग्रंथ वाचावेत. कोणती इमारत कोठे होती हे डोळ्यांसमोर नसेल, तर कॅटलॉगमधील नोंदी आणि छायाचित्रांखालच्या ओळी यांचा मेळ बसत नाही. नकाशा, मार्गदर्शिका आणि बहुतेक छापील पुस्तके इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहांवर आहेत. सेंट लुईस सार्वजनिक ग्रंथालय आणि मिसूरी हिस्टॉरिकल सोसायटी यांनीही आपापला साठा टप्प्याटप्प्याने ऑनलाइन आणला आहे.

फ्रान्सिस यांनी स्वतः लिहिलेला दोन खंडांचा इतिहास १९१३ साली निघाला. त्याच्याइतका तपशील एका ठिकाणी दुसरीकडे मिळत नाही. मात्र तो प्रदर्शनाच्या अध्यक्षानेच लिहिलेला आहे, हे पानोपानी लक्षात ठेवावे : यशाच्या नोंदी त्यात विस्ताराने आहेत, वाद आणि अडचणी थोडक्यात आहेत. म्हणून त्याच्या शेजारी सरकारी आयोगाचा १९०६ चा अहवाल ठेवावा. आयोग आणि कंपनी यांच्यात मतभेद होते आणि एकाने टाळलेली गोष्ट कधी कधी दुसऱ्याने लिहिलेली सापडते.

४. मूळ कागद कोठे आहेत? सेंट लुईसला राहणाऱ्यांना ते पाहता येतील का?

कंपनीच्या दप्तराचा मुख्य भाग मिसूरी हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे आणि तो संस्थेच्या स्किंकर बुलेव्हार्डवरील ग्रंथालय व संशोधन केंद्रात पाहता येतो. विद्यापीठाशी संबंध असण्याची अट नाही. सामान्य वाचकही जाऊ शकतात. जाण्यापूर्वी संग्रहाची सूची वाचून हव्या त्या पेट्यांची मागणी आधी कळवावी, म्हणजे वेळ वाया जात नाही. याच संस्थेचे संग्रहालय फॉरेस्ट पार्कमधील जेफरसन स्मारकात आहे. ही इमारत प्रदर्शनातून उरलेल्या पैशातून, त्याच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या जागेवर, १९१३ साली उभी राहिली.

केंद्र सरकारचे कागद वॉशिंग्टन परिसरातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तेथे अभिलेखगट ४३ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदा व प्रदर्शनांचे दप्तर आहे, तर फिलिपिन्सविषयक पत्रव्यवहार अभिलेखगट ३५० मध्ये, म्हणजे ‘ब्युरो ऑफ इन्सुलर अफेअर्स’च्या दप्तरात पाहावा लागतो. स्मिथसोनियन संस्थेचे प्रदर्शनविषयक कागद तिच्या स्वतःच्या अभिलेखागारात, मानववंशविषयक छायाचित्रांचा मोठा संच शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये, तर जगभरच्या प्रदर्शनांचे फुटकळ साहित्य कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या फ्रेस्नो येथील लार्सन संग्रहात आहे. एकाच प्रसंगाचे कागद असे चार गावी विखुरलेले असल्यामुळे, एका ठिकाणी काही सापडले नाही म्हणून ते अस्तित्वातच नाही असे समजू नये.

५. अधिकृत कॅटलॉगमध्ये एखादी वस्तू किंवा कारखाना कसा शोधावा?

प्रदर्शनाचे संचालक फ्रेडरिक स्किफ यांनी आखलेल्या वर्गीकरणात १६ विभाग, १४४ गट आणि ८०७ वर्ग होते. शिक्षण हा पहिला विभाग होता, त्यानंतर कला. पुढे यंत्रे, वीज, वाहतूक, शेती, खाणी, मानववंशशास्त्र आणि शारीरिक शिक्षण असे विभाग येतात. कॅटलॉगची मांडणी याच क्रमाने असल्यामुळे नावाच्या अकारविल्हे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. आपली वस्तू कोणत्या गटात बसेल हे आधी वर्गीकरणाच्या तक्त्यात पाहावे, मग त्या विभागाचा भाग उघडावा आणि त्यात देशाचे नाव शोधावे. स्कॅन केलेल्या प्रतींतील अक्षरओळख सदोष असते, म्हणून शोधखिडकीत काही सापडले नाही तरी पाने प्रत्यक्ष चाळावीत.

कॅटलॉगमधील नोंद म्हणजे वस्तू प्रत्यक्ष मांडली गेल्याचा निर्णायक पुरावा मात्र नव्हे. त्याविषयी प्रश्न १८ पाहावा.

६. माझ्याकडील कागदावर १९०३ हे साल आहे. मग तो बनावट समजायचा का?

नाही. प्रदर्शन मुळात १९०३ मध्येच, शताब्दीच्या वर्षी, व्हायचे ठरले होते. परदेशांना आणि राज्यांना तयारीला अधिक वेळ मिळावा म्हणून ते एक वर्ष पुढे ढकलण्यात आले. त्यामुळे सुरुवातीच्या माहितीपत्रकांवर आणि पत्रांच्या कागदांवर १९०३ आढळणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय प्रदर्शनभूमीचा समर्पण समारंभ ३० एप्रिल १९०३ पासून झाला. त्याला रूझवेल्ट आणि माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड उपस्थित होते, आणि त्या समारंभाची निमंत्रणपत्रे व कार्यक्रमपत्रिका स्वतंत्रपणे छापल्या गेल्या. जेफरसन आणि मॅकिन्ली यांची चित्रे असलेल्या स्मारक सुवर्ण डॉलरांवरही १९०३ हेच साल आहे. स्मारक टपाल तिकिटे मात्र १९०४ ची आहेत : पाच तिकिटांचा हा संच ३० एप्रिलला विक्रीस आला आणि प्रदर्शन संपताच त्याची विक्री थांबवण्यात आली.

७. पोस्टकार्ड किंवा तिकीट त्या काळचे आहे की नंतर छापलेले, हे कसे ओळखावे?

पोस्टकार्डाची मागची बाजू आधी पाहावी. अमेरिकेत १ मार्च १९०७ पूर्वी कार्डाच्या त्या बाजूवर फक्त पत्ता लिहिण्याची परवानगी होती, म्हणून १९०४ च्या कार्डावर मध्ये उभी रेघ नसते आणि लोकांनी मजकूर चित्राच्या कडेला, मिळेल त्या मोकळ्या जागेत लिहिलेला असतो. रेघ असेल, तर कार्ड १९०७ नंतरचे समजावे. त्यानंतर भिंग घ्यावे. जुन्या रंगीत शिळाछापात ठिपके अनियमित असतात. आजच्या चाररंगी छपाईत ते ठरावीक कोनांत नेटके मांडलेले दिसतात. प्रदर्शनाची अधिकृत कार्डे सॅम्युअल कप्पल्स या स्थानिक कंपनीने काढली. त्यांपैकी दिव्यासमोर धरल्यावर इमारतींच्या खिडक्या उजळणारी कार्डे संग्राहकांना फार प्रिय आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याबाबत अधिक सावध राहावे.

तिकिटे आणि पास यांच्यासाठी एक सोपी कसोटी दिनदर्शिकेत आहे. केंद्र सरकारने अनुदान देताना रविवारी दरवाजे बंद ठेवण्याची अट घातली होती. उद्घाटन शनिवारी झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, प्रदर्शन बंद होते. त्यामुळे रविवारच्या तारखेचा प्रवेशशिक्का दिसला, तर त्या कागदाची अधिक कसून तपासणी करावी.

८. उपस्थितीचे आकडे निरनिराळ्या पुस्तकांत वेगवेगळे का दिसतात?

कारण ते वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. एकूण प्रवेशांची अधिकृत संख्या १,९६,९४,८५५ आहे. तीत पैसे देऊन आलेले सुमारे १ कोटी २८ लाख असून बाकीचे प्रवेश कामगार, प्रदर्शक, अधिकारी आणि इतर पासधारकांचे आहेत. या दोन्ही संख्या फाटकांतून झालेल्या प्रवेशांच्या आहेत. तेथे रोज काम करणारा सुतार आणि अनेकदा येणारा शहरवासी यांची नोंद प्रत्येक खेपेला नव्याने झाली. म्हणून ‘दोन कोटी लोकांनी प्रदर्शन पाहिले’ हे विधान कितीही वेळा छापले गेले असले, तरी ते करू नये. प्रौढांचे तिकीट ५० सेंट आणि मुलांचे २५ सेंट होते, हे माहीत असल्यास जमाखर्चाचे तक्ते वाचणे सोपे जाते.

९. माणसांनाच ‘प्रदर्शित’ केल्याविषयीची कागदपत्रे कशी वाचावीत?

या विषयावर सर्वाधिक पत्रे येतात आणि सर्वाधिक काळजीही येथेच हवी. सुमारे ४७ एकरांच्या स्वतंत्र भागात अमेरिकी सरकारने फिलिपिन्समधून हजाराहून अधिक माणसे आणून त्यांच्या वसाहती उभ्या केल्या. फिलिपिन्सवर अमेरिकेने युद्ध करून नुकताच ताबा मिळवला होता. त्या प्रदर्शनाची मांडणीच अशी होती की एका टोकाला इगोरोट आणि नेग्रिटो लोकांना ‘आदिम’ म्हणून दाखवावे, दुसऱ्या टोकाला अमेरिकी शिस्तीत तयार झालेले पोलीस दल आणि त्याचे वाद्यवृंद उभे करावेत, आणि परकी राज्यकारभार उपकारक आहे असे प्रेक्षकाच्या मनावर ठसावे. वसाहतींच्या प्रदर्शनांचे कॅटलॉग ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. मानववंश विभागाचे प्रमुख डब्ल्यू. जे. मगी यांच्या लेखनात माणसांची अशीच उतरंड ‘शास्त्र’ म्हणून मांडलेली आहे. हे शब्द पुराव्यासाठी उद्धृत करावे लागतात. पण ते आपल्या स्वतःच्या वाक्यांत उतरू देऊ नयेत.

एका कागदावर विसंबू नये, याचे उत्तम उदाहरण इगोरोटांच्या पोशाखाचा वाद आहे. १९०४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या लंगोटीवरून वर्तमानपत्रांत चर्चा झाली. निवडणुकीचे वर्ष असल्याने वॉशिंग्टनहून त्यांना अधिक कपडे घालण्याच्या सूचना आल्या, मानववंशशास्त्रज्ञांनी विरोध केला आणि अखेर त्या सूचना मागे घेण्यात आल्या. युद्धमंत्री टाफ्ट यांच्या कार्यालयाच्या तारा, कंपनीची पत्रे आणि वर्तमानपत्रांतील बातम्या शेजारी ठेवल्याशिवाय हा प्रकार समजत नाही. आणि या सगळ्या कागदांत, ज्यांच्या अंगावरच्या कपड्यांबद्दल हा वाद चालला होता, त्यांचे मत कोणी नोंदवलेले जवळजवळ सापडत नाही. ही अनुपस्थिती आपल्या लेखनात स्पष्टपणे नोंदवावी.

मृत्यूंच्या नोंदीही आहेत. प्रदर्शनाच्या काळात मरण पावलेल्या काही फिलिपिनो माणसांचे मेंदू अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयातील मानववंशशास्त्रज्ञ अॅलेश हर्डलिच्का यांनी आपल्या संग्रहासाठी मिळवले. अशा नोंदी किंवा छायाचित्रे पुन्हा प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या समाजाच्या आजच्या वंशजांचा विचार करावा, असे आमचे ठाम मत आहे. कायद्याने परवानगी असली (प्रश्न १६), तरी ते करणे योग्यच ठरते असे नाही.

१०. त्या माणसांनी स्वतः सांगितलेले काही उरले आहे का?

थोडे आहे, पण ते मोलाचे आहे. अपाची नेते जेरोनिमो हे त्या वेळी युद्धकैदी होते आणि पहाऱ्याखाली त्यांना प्रदर्शनात आणले होते. त्यांनी सांगितलेले आत्मचरित्र १९०६ साली निघाले आणि त्यातील एक प्रकरण या प्रदर्शनाविषयी आहे. आपले छायाचित्र २५ सेंटना विकले जाई आणि त्यांतील १० सेंट आपल्याला मिळत, असे ते तेथे सांगतात. कंपनीच्या जमाखर्चात न दिसणारे हे अर्थकारण एका वाक्यात उघड होते. अर्थात हे कथनही दुभाषा आणि लेखनिक यांच्यामार्फत, आणि लष्करी देखरेखीत आपल्यापर्यंत आले आहे.

संगीताच्या बाबतीत, फ्रान्सेस डेन्समोर यांनी प्रदर्शनात ऐकलेली फिलिपिनो गाणी लिपिबद्ध करून १९०६ मध्ये प्रसिद्ध केली. काँगोतून सॅम्युअल व्हर्नर यांनी आणलेले ओटा बेंगा यांच्याविषयी मात्र करार, बातम्या आणि छायाचित्रे भरपूर असूनही त्यांच्या स्वतःच्या शब्दांतला कागद नाही. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्यांना माकडघरात ठेवण्यात आले आणि १९१६ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांची माहिती देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे त्यांना आणणारा किंवा त्यांना पाहायला आलेला कोणीतरी आहे.

११. छायाचित्रे कोणी काढली आणि खालचा मजकूर विश्वसनीय असतो का?

अधिकृत छायाचित्रणाचे काम विल्यम राऊ यांच्या कंपनीकडे होते. त्याशिवाय जेसी टार्बॉक्स बील्स यांनी चिकाटीने परवानगी मिळवून असंख्य छायाचित्रे काढली, आणि सेंट लुईसच्याच एमी व मेमी गेरहार्ड या भगिनींनी व्यक्तिचित्रे टिपली. दोन डोळ्यांनी पाहण्याची स्टिरिओ कार्डे अंडरवुड अँड अंडरवुड आणि इतर कंपन्यांनी काढली. खालचा मजकूर बहुधा विक्रीसाठी लिहिलेला असे. माणसांची नावे त्यात क्वचितच असतात आणि जमातींची नावे अनेकदा चुकलेली असतात.

मोठ्या पाळण्याच्या छायाचित्रांबाबत एक विशेष सूचना. हा तोच पाळणा आहे जो जॉर्ज फेरिस यांनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी उभारला होता. तो सेंट लुईसला हलवून पुन्हा जोडण्यात आला आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडला गेला. नुसता पाळणा दिसतो म्हणून छायाचित्र १९०४ चे ठरत नाही; आसपासच्या इमारती पाहाव्यात.

१२. भारताविषयी या कागदपत्रांत काय सापडते?

भारत स्वतंत्र देश नव्हता, म्हणून त्याच्या नोंदी ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींच्या पानांत शोधाव्या लागतात. सर्वाधिक माहिती चहाविषयी मिळते. आग्र्याच्या इतिमाद-उद-दौलाच्या मकबऱ्याच्या धर्तीवर उभारलेल्या दालनात भारतीय चहा पाजला जात असे आणि रिचर्ड ब्लेकिन्डन हे त्याच्या प्रचाराचे काम पाहत. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०३ मध्ये, निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवून परदेशातील प्रचारासाठी पैसा उभा करण्याचा कायदा भारतात झाला होता. अमेरिकी बाजारात तोवर चीन आणि जपानचा हिरवा चहा जोरात होता. मार्गदर्शिकेतील त्या सुंदर दालनाचे वर्णन या व्यापारी पार्श्वभूमीशिवाय वाचले तर ते नुसते शोभेचे वाटते.

भारताच्या बाजूचा पत्रव्यवहार पाहायचा असल्यास लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ येथून सुरुवात करावी. मुंबई इलाख्याचा भाग तपासू इच्छिणाऱ्यांनी मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात त्या वर्षांच्या खंडांच्या सूची चाळाव्यात. सूचींत ‘प्रदर्शने’ आणि ‘सेंट लुईस’ अशा दोन्ही नोंदींखाली शोधावे.

१३. बर्फाचा चहा आणि आइस्क्रीमचा कोन येथेच जन्मले, हे कागदोपत्री सिद्ध होते का?

होत नाही. उन्हाच्या तडाख्यात गरम चहा कोणी पिईना, म्हणून भारतीय चहाचे प्रचारक ब्लेकिन्डन (प्रश्न १२) यांनी तो बर्फावर ओतून दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण बर्फाच्या चहाची कृती १८७९ च्या एका अमेरिकी पाकपुस्तकात छापलेली आहे. कोनाच्या बाबतीतही इटालो मार्चिओनी यांना खाद्य पेले बनवण्याच्या साच्याचे पेटंट डिसेंबर १९०३ मध्येच मिळाले होते, आणि प्रदर्शनातील अनेक विक्रेत्यांनी पुढे परस्परविरोधी दावे केले. प्रदर्शनामुळे हे पदार्थ देशभर लोकप्रिय झाले, एवढेच सावधपणे म्हणता येते. जाहिरातींतील दावे आणि अनेक वर्षांनी सांगितलेल्या आठवणी समकालीन कागदांच्या तोडीच्या मानू नयेत.

१४. त्याच वर्षीच्या ऑलिंपिकची कागदपत्रे वेगळी आहेत का?

ती प्रदर्शनाच्या शारीरिक शिक्षण विभागात मिसळलेली आहेत, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. हे ऑलिंपिक आधी शिकागोला व्हायचे होते. ते सेंट लुईसला हलवण्यात आले. विभागप्रमुख जेम्स सलिव्हन यांनी वर्षभरातील शालेय शर्यतींना आणि कमकुवत स्पर्धकांना सवलत देणाऱ्या (हँडिकॅप) शर्यतींनाही ‘ऑलिंपिक’ हे विशेषण लावले. परिणामी नेमक्या कोणत्या स्पर्धा ऑलिंपिकच्या मानायच्या यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. पदकांची यादी देताना आपण कोणती गणना स्वीकारली हे सांगणे आवश्यक आहे.

१२ आणि १३ ऑगस्टला झालेले ‘अँथ्रोपॉलॉजी डेज’ ऑलिंपिकचा भाग धरू नयेत. प्रदर्शनात आणलेल्या निरनिराळ्या जमातींच्या माणसांना त्यांनी कधी न खेळलेल्या खेळांत, सरावाविना उतरवून, त्यांची कामगिरी कमी प्रतीची असल्याचे सलिव्हन यांनी आपल्या वार्षिकात छापले. ते लेखन वाचताना प्रश्न ९ मधील सूचना लागू होतात.

१५. ‘सेंट लुईस येथे सुवर्णपदक’ असा एखाद्या उत्पादनाचा दावा कसा तपासावा?

पारितोषिकांच्या छापील यादीत तो गट आणि देश शोधावा. सर्वोच्च मान ‘ग्रँड प्राइझ’चा होता, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदके त्याखाली येत. म्हणजे सुवर्णपदक हे पहिले पारितोषिक नव्हे. एका गटात अनेकांना सुवर्णपदके मिळत असत.

१६. हे साहित्य पुन्हा छापण्यास परवानगी लागते का?

१९०४ च्या सुमारास अमेरिकेत प्रसिद्ध झालेले साहित्य तेथे केव्हाच स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आहे, कारण त्या काळच्या प्रकाशित साहित्याचे संरक्षण जास्तीत जास्त ९५ वर्षांचे आहे. अप्रकाशित पत्रे आणि रोजनिश्या यांचा नियम निराळा आहे : लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, आणि लेखक अज्ञात असल्यास निर्मितीपासून १२० वर्षे. म्हणजे १९०४ चा अज्ञात लेखकाचा अप्रकाशित कागद १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाला.

येथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. मूळ हक्कधारकाच्या संमतीने १९७८ ते २००२ या काळात पहिल्यांदाच प्रसिद्ध झालेल्या जुन्या लेखनाला २०४७ अखेरपर्यंत संरक्षण मिळू शकते. प्रदर्शनाच्या काही रोजनिश्या आणि पत्रे १९९० च्या दशकात प्रथमच पुस्तकरूपाने आली, म्हणून ‘१९०४ चे आहे, तेव्हा मोकळे आहे’ असे गृहीत धरू नये. भारतात प्रसिद्ध करताना भारतीय कायदाही पाहावा. येथे सर्वसाधारण मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे. संस्थेकडून मोठ्या आकाराची प्रतिमा मागवल्यास तिचे शुल्क आणि श्रेयाची अट वेगळी असते.

१७. हाथीट्रस्टवर काही पुस्तके भारतातून उघडत नाहीत. असे का?

अमेरिकेत छापलेली त्या काळची पुस्तके सर्वत्र उघडतात, पण अमेरिकेबाहेर छापलेली पुस्तके इतर देशांच्या कायद्यांमुळे अमेरिकेपुरतीच खुली ठेवलेली असू शकतात. जर्मन किंवा ब्रिटिश आयोगाची प्रकाशने अडतात ती याच कारणाने. तीच पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर किंवा त्या त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शोधावीत.

१८. कॅटलॉग आणि १९०४ चे ‘इतिहास’ यांत परस्परविरोध आढळल्यास कोणावर विश्वास ठेवावा?

छपाईची तारीख पाहून ठरवावे. वर्गणीदारांना विकण्यासाठी घाईने काढलेले कित्येक ‘इतिहास’ प्रदर्शन चालू असतानाच, किंबहुना दालने अपुरी असतानाच बाजारात आले. त्यांतील वर्णने कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकांवरून उचललेली आहेत. कॅटलॉगचेही तसेच : पहिल्या आवृत्तीत प्रदर्शकाने काय पाठवू असे कळवले ते असते, आणि नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्त्या येतात. म्हणून कोणती आवृत्ती वापरली हे नेहमी नमूद करावे.

रशियाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानशी युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अधिकृत सहभाग मागे घेतला, म्हणून सुरुवातीच्या आराखड्यांत दिसणारे रशियन दालन प्रत्यक्षात नव्हते. तरीही सुमारे ६०० रशियन कलाकृती एडवर्ड ग्रुनवाल्ट या व्यापाऱ्यामार्फत खासगीरीत्या आल्या आणि कला विभागात मांडल्या गेल्या. जकात न भरता केवळ प्रदर्शनासाठी आणलेल्या या चित्रांच्या विक्रीवरून पुढे वाद झाला, त्या सगळ्या कलाकृती जकात खात्याच्या ताब्यात गेल्या आणि १९१२ मध्ये त्यांचा लिलाव झाला. चित्रकारांना त्यांची चित्रेही मिळाली नाहीत आणि पैसेही मिळाले नाहीत. या कलाकृतींचा माग काढणाऱ्याने प्रदर्शनाच्या कॅटलॉगवर न थांबता १९१२ पर्यंतचे जकातीचे आणि लिलावाचे कागद पाहावेत; चित्रांची नावे आणि मापे त्या याद्यांशी ताडून पाहिल्यावरच कोणते चित्र कोणाकडे गेले हे ठरवता येते.